कार्ड बंद झाले म्हणून औषध बंद होऊ नये



गेल्या पावसाळ्यात आमच्यासमोर एक गोष्ट घडली. ती आम्ही पुष्कळ दिवस मनातच ठेवली होती. आता त्या घरच्या माणसांना विचारून, नाव न सांगता, ती ह्या पानावर मांडत आहोत. नाव शोधण्याचा प्रयत्न कोणी करू नये. पार्से, तुये, आगरवाडा ह्या भागात अशी घरे एकापेक्षा जास्त आहेत, आणि उद्या ही पाळी आपल्यापैकी कोणावरही येऊ शकते.

घर शेतकऱ्याचे. थोडे भात, थोडे काजू, चार माड. एवढ्यावर भागत नाही म्हणून बाप औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला जातो. मुलगा आठ वर्षांचा. पाचव्या वर्षी त्याला फिट आली, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी फेफऱ्याचे औषध सुरू केले. बापाच्या पगारातून ईएसआय कापले जाई, त्यामुळे औषध त्या दवाखान्यातून मिळे. मुलगा शाळेत जाऊ लागला, खेळू लागला. घरची माणसे आजार जवळजवळ विसरून गेली.

एप्रिलमध्ये बापाचा पगार वाढला. त्याने पेढे आणून दिले, आम्हीही चारचौघांत त्याचे अभिनंदन केले. जूनपासून धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलगा मध्येच शून्यात बघू लागला. हाक मारली तरी ऐकू येत नसे, आणि क्षणभराने पुन्हा ठीक होई. त्याचे लक्ष नाही असे समजून आम्ही त्याला दोनदा पुढच्या बाकावर आणून बसवले. ऑगस्टमधल्या एका रविवारी तो त्याच बाकावरून खाली पडला. हातपाय ताठ झाले, तोंडातून फेस आला. बाहेर पाऊस कोसळत होता. गाडी मिळवून त्याला आरोग्य केंद्रात पोहोचवेपर्यंत आमचा जीव थाऱ्यावर नव्हता.

मुलगा वाचला. संध्याकाळी त्याची आई आम्हांला म्हणाली, "फादर, पगार वाढला आणि कार्ड बंद झालं. एक महिना बाहेरून विकत घेतलं. मग परवडेना. पण बंद नाही केलं हो, अर्धी गोळी तरी देत होतो."

"मग सांगितलं का नाही?" आम्ही विचारले.

"पगार वाढला म्हणून सगळ्यांनी पेढे खाल्ले होते. आता औषधाला पैसे नाहीत असं कुठल्या तोंडानं सांगायचं?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या दिवशी देता आले नाही. हा लेख म्हणजे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

पगार वाढला आणि कार्ड गेले

प्रथम हिशेब पाहू. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली ईएसआय ही योजना चांगली आहे. कामगार आपल्या पगारातला पाऊण टक्का भरतो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. हे दर १ जुलै २०१९ पासूनचे. त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला डॉक्टर, इस्पितळ आणि औषधे मिळतात. इस्पितळात न राहता, घरी रोज घ्यायची औषधेही त्यात येतात. गरिबाच्या वाट्याला येणाऱ्या विम्यांत हा गुण फार थोड्यांना आहे.

पण ह्या योजनेला पगाराची मर्यादा आहे. १ जानेवारी २०१७ पासून ती महिना २१,००० रुपये ठरली. समजा, एखाद्याचा पगार २०,६०० वरून २१,४०० झाला. वाढले ८०० रुपये. वर्गणीचे सुमारे १५५ रुपये वाचले. म्हणजे हातात साडेनऊशे जास्त आले. आता मुलाचे औषध महिन्याला ७०० रुपयांचे धरा, शिवाय डॉक्टरांची फी आणि म्हापशापर्यंतचे जाणेयेणे. वाढ कुठे गेली? बांधाला एक भोक पडले की खाजनातले पाणी भोकापुरते येऊन थांबत नाही, सगळे शेत भरते. तसेच ह्या मर्यादेचे आहे. चारशे रुपयांनी ती ओलांडली म्हणून आधार चारशे रुपयांनी कमी होत नाही, सगळाच जातो.

कोणी म्हणेल, रेघ कुठे तरी ओढावीच लागते. ते आम्हांला मान्य आहे. पण पगाराची रेघ ओलांडली म्हणून मुलाचा आजार काही रेघेच्या अलीकडे राहून जात नाही. रेघ ओढणाऱ्यांनी निदान आजारी मुलाचे चालू औषध काही काळ पुढे चालू ठेवावे, असे आमचे मत आहे.

आपली तारीख आपण विचारून घ्यावी

आता सर्वांत दुःखाची गोष्ट. त्या घराचा औषधावरचा हक्क त्या मे महिन्यात संपलेलाच नव्हता.

ईएसआयचा हिशेब शेतीसारखा आहे. पेरणी एका हंगामात, कापणी दुसऱ्या हंगामात. एप्रिल ते सप्टेंबर ह्या सहा महिन्यांत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली, की पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत वैद्यकीय लाभ मिळतो. ऑक्टोबर ते मार्च ह्या महिन्यांत भरलेल्या वर्गणीवर पुढचे जुलै ते डिसेंबर हे महिने मिळतात. सहामाहीच्या मध्येच पगार मर्यादेबाहेर गेला, तर ती सहामाही संपेपर्यंत वर्गणी चालूच राहते, आणि तिचा लाभही पुढे मिळतो.

ह्या बापाची वाढ एप्रिलमधली. मार्चपर्यंतची त्याची वर्गणी भरलेली होती. म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत त्या मुलाला औषध मिळायला हवे होते. कामावर कोणी तरी सांगितले, "आता तुझे कार्ड चालणार नाही," आणि त्याने ते खरे मानले. पेरलेले शेत तो न कापताच सोडून आला.

म्हणून पगार वाढला, कंत्राट संपले किंवा काम सुटले, की दुसऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नये. आपला विमा क्रमांक घेऊन ईएसआयच्या कार्यालयात जावे आणि "माझ्या कुटुंबाला कोणत्या तारखेपर्यंत औषध मिळेल?" असे विचारून ती तारीख लिहून घ्यावी. ती तारीख घरात कॅलेंडरवर मांडावी. तिच्या आधीचे महिने हे पुढची सोय लावण्याचे महिने आहेत.

अर्धी गोळी म्हणजे अर्धे औषध नव्हे

त्या माउलीला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. होते तेवढ्यात तिने मुलाला वाटा दिला. भाकरी कमी असली तर आपण अर्धी अर्धी करतो, आणि अर्ध्या भाकरीने अर्धी तरी भूक भागते. पण फेफऱ्याच्या औषधाचे तसे नाही. हे औषध रक्तात ठरावीक प्रमाणात राहिले तरच मेंदूला आवरून धरते. प्रमाण घसरले की फिट परत येऊ शकते. औषध एकाएकी थांबवले तर फिटवर फिट येऊन जिवावर बेतू शकते. शून्यात बघत राहणे हीसुद्धा फिटच असू शकते. आम्हांला ते ठाऊक असते, तर बाक बदलण्याऐवजी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो असतो.

ह्याबाबत घरात काही गोष्टी पक्क्या ठरवाव्यात.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्रा कमी करू नये आणि औषध थांबवू नये. काही मुलांचे औषध पुढे बंद करता येते. पण मूल साधारण दोन वर्षे फिटशिवाय राहिल्यावर डॉक्टर तसा विचार करतात, आणि तेही हळूहळू, थोडे थोडे कमी करत.

काही गोळ्या पोटात सावकाश विरघळाव्यात अशाच बनवलेल्या असतात. त्या कुटू नयेत, चुरडू नयेत.

पातळ औषध बाटलीबरोबर मिळालेल्या मापानेच द्यावे. घरातले चमचे सारखे नसतात.

फेफऱ्याच्या काही गोळ्या मिठासारखी ओल ओढतात. आपल्या पावसात त्या कागदाबाहेर काढून डबीत भरून ठेवल्या तर बिघडतात. गोळी खायच्या वेळीच पाकिटातून काढावी.

फिट आली तर मुलाला कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, पाणी पाजू नये, चप्पल वा कांदा हुंगवू नये. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर तडक इस्पितळात न्यावे. १०८ ची गाडी अशाच वेळेसाठी आहे.

आणि शेतकऱ्याच्या घरात हे विशेष सांभाळावे: अशा मुलाला कठडा नसलेल्या विहिरीवर, नदीवर, चुलीपाशी किंवा मळणीच्या यंत्राजवळ एकटे सोडू नये. मार्कच्या शुभवर्तमानात एक बाप अशाच मुलाला येशूकडे घेऊन येतो, आणि हा आगीत पडतो, पाण्यात पडतो, हेच गाऱ्हाणे सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बापाची भीती आणि आपल्या गावातल्या बापाची भीती एकच आहे. फरक एवढाच की आज औषध आहे. नीट उपचार मिळाले तर फेफऱ्याच्या शंभरांतल्या सत्तर माणसांना फिटशिवाय जगता येईल, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून प्रार्थना जरूर करावी, नवस फेडावा, पण गोळी चुकवून नव्हे. हे "बाहेरचे" आहे असे सांगून कोणी औषध सोडायला लावले, तर त्याचे ऐकू नये.

दुसरी दारे कोणती?

कार्डाचे दार बंद झाले तरी दुसरी दारे आहेत. पण कोणत्या दारामागे काय आहे हे नीट समजून घ्यावे, नाही तर भलत्याच ठिकाणी आशा लावून वेळ जातो.

पुष्कळांना वाटते की गोवा सरकारचे दीनदयाळ कार्ड आहे, काळजी नको. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ह्या योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचे संरक्षण ठेवलेले आहे. पण ते इस्पितळातल्या ठरावीक उपचारांसाठी आहे. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांचे संरक्षण आहे, पण त्यातही इस्पितळात राहण्याआधीचे तीन दिवस आणि घरी आल्यावरचे पंधरा दिवस एवढाच औषधाचा खर्च धरलेला असतो. सोळाव्या दिवसाची गोळी आपली आपण घ्यायची. खासगी विमा घ्यावा म्हटले, तर असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावता येते, आणि त्यानंतरही रोजच्या गोळ्या बहुधा त्यात येत नाहीत. मोठ्या दुखण्याला ही कार्डे उपयोगी पडतात, ती जपून ठेवावीत. पण मुलाचे रोजचे औषध त्यांच्या भरवशावर ठेवू नये.

खरा आधार सरकारी इस्पितळाचा आहे. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि म्हापशाचे जिल्हा इस्पितळ येथे मुलाची नोंद करावी. तेथे लिहून दिलेली पुष्कळ औषधे तेथल्याच खिडकीवर मोफत मिळतात. जाण्यायेण्यात मजुरी बुडते हे खरे. म्हणून एका वेळी जास्तीत जास्त किती दिवसांचे औषध मिळेल, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. मागण्यात कमीपणा नाही.

दुसरे दार शाळेतले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथे सुरू झाला. त्यात आरोग्य पथके अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. त्यांच्या यादीत फेफरेही आहे, आणि सापडलेल्या आजाराचा पुढचा उपचार मोफत करून देण्याची त्यात तरतूद आहे. पथक येते त्या दिवशी पुष्कळ आईबाप मुलाचा आजार लपवतात, शाळेत नाव खराब होईल म्हणून. तो दिवस लपवण्याचा नाही, सांगण्याचा आहे.

तिसरे दार जनऔषधी केंद्राचे. तेथे तीच औषधे कंपनीच्या ब्रँडशिवाय, मूळ नावाने मिळतात, आणि किंमत साधारणपणे निम्मी किंवा त्याहून कमी असते. डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. मात्र फेफऱ्याच्या औषधाबाबत एक पथ्य आहे. एका कंपनीची गोळी सोडून दुसरीची घ्यायची असेल तर डॉक्टरांना सांगून घ्यावी, आणि एकदा बदलल्यावर तीच चालू ठेवावी. दर महिन्याला जे स्वस्त मिळेल ते, असे करू नये.

काजूच्या पैशातून औषधाचा वाटा

शेतकऱ्याची अडचण नोकरदाराहून वेगळी आहे. औषध महिन्याला लागते आणि शेतीचा पैसा हंगामाला येतो. काजूबिया विकून मार्च ते मे हातात पैसा असतो. तो कौले, खत, लग्नकार्य, शाळेची पुस्तके ह्यांत जूनपूर्वीच संपतो. मग पावसाचे चार महिने हात रिकामा. त्या घराचे औषध नेमके ह्याच महिन्यांत अर्धे झाले, हा योगायोग नव्हे.

आपण बियाणे खात नाही. कितीही ओढ असली तरी पुढच्या पेरणीचे भात बाजूला बांधून ठेवतो. तसेच औषधाचे करावे. महिन्याला ७०० रुपये लागत असतील, तर जून ते नोव्हेंबर ह्या सहा महिन्यांचे ४,२०० रुपये मे महिन्यातच वेगळे काढावेत, आणि ते आईच्या नावाने ठेवावेत. त्या पैशाला कौलासाठीही हात लावू नये. सहा महिन्यांचे औषध मात्र एकदम आणून ठेवू नये, कारण मूल वाढते तशी मात्रा बदलते आणि ओलीने गोळी बिघडते. एका महिन्याचे चालू आणि एका महिन्याचे शिल्लक, एवढे पुरे. चवथीच्या सुट्टीत किंवा पुरात रस्ता बंद झाला तरी मग ओढाताण होत नाही.

आम्ही काय करणार

दुसऱ्यांना एवढे सांगितल्यावर स्वतःकडे पाहिले पाहिजे. त्या मुलाचे औषध चार महिने अर्धे चालले होते, आणि दर रविवारी तो आमच्या डोळ्यांसमोर बसत होता. आम्ही त्याच्या बापाचा वाढलेला पगार विचारला, वाढलेला खर्च विचारला नाही. शेजारच्या घरी नवा रंग लागलेला आपल्याला लगेच दिसतो, औषधाची रिकामी बाटली दिसत नाही. ही चूक आमची आहे, आणि थोडी आपणा सर्वांची.

म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आहेत. मुलांच्या औषधासाठी एक छोटी पेटी वेगळी ठेवली आहे. ही भिक्षा नव्हे. ज्या घराची सोय बदलते आहे, कार्ड संपले आहे आणि सरकारी इस्पितळातली नोंद अजून व्हायची आहे, अशा घराला मधल्या दोन-तीन महिन्यांचा पूल मिळावा एवढाच तिचा हेतू. ज्याला हंगामात परत टाकता येईल त्याने टाकावे, ज्याला येणार नाही त्याला कोणी विचारणार नाही. पैसे हातात न देता औषधच आणून देऊ, आणि नाव वहीत लिहिणार नाही. दुसरी गोष्ट, ज्यांना कार्यालयात एकटे जायला संकोच वाटतो त्यांच्याबरोबर जाण्यास दोन लिहित्यावाचत्या तरुणांनी तयारी दाखवली आहे. मिस्सेनंतर येऊन सांगावे.

सरकारकडेही आमचे एक मागणे आहे. रोजचे औषध लागणाऱ्या मुलांना बांबोळीला डॉक्टरांनी एकदा तपासावे, आणि दर महिन्याचे औषध मात्र त्यांना पेडण्यातल्याच आरोग्य केंद्रावर मिळावे. मुलाच्या गोळीसाठी बापाची दिवसाची मजुरी जाऊ नये. पंचायतीच्या ग्रामसभेत हा विषय आपण सर्वांनी, कोणत्याही धर्माचे असलो तरी, एकत्र मांडावा. फेफरे धर्म विचारून येत नाही.

तो मुलगा आता पूर्ण मात्रा घेतो. वर्गात तो मागच्या बाकावर, आपल्या मित्रांजवळ बसतो. मध्येच थोडा वेळ बाहेर पाहत राहिला तर आम्ही ओरडत नाही. जवळ जाऊन नावाने हाक मारतो, आणि वर्ग सुटल्यावर त्याच्या आईला विचारतो, "औषध आहे ना घरात?"

हा प्रश्न आपणही आपल्या शेजारी विचारावा. कोणाचा पगार वाढला, नोकरी सुटली किंवा कंत्राट संपले असे कानावर आले, की अभिनंदनाबरोबर किंवा सांत्वनाबरोबर एवढे एक विचारावे. आणि ज्याला विचारले जाईल त्याने संकोच न धरता खरे सांगावे.